चालीचा शुक्रवार

आमच्या गावात माणसाची ओळख चेहऱ्यावरून नंतर पटते, आधी चालीवरून. नदीकाठचा रस्ता सरळ आणि लांब आहे, दोन्ही बाजूंना लिपाची, गोड वासाच्या फुलांची झाडं आहेत, आणि संध्याकाळी सगळं गाव तिथेच पाय मोकळे करायला येतं. त्यामुळे पार टोकाला नुसता ठिपका दिसला तरी बाकावरच्या बायका सांगून मोकळ्या होतात, "आली बघ औषधवाल्याची बायको, आज नवे बूट चावताहेत तिला." मीही त्या बायकांतलीच. मी जासेंका. केस कापायचं दुकान आहे माझं, आणि गिऱ्हाइकाने दार उघडायच्या आधीच पावलांवरून मला कळतं, बाईला केस रंगवायचे आहेत की नुसतं बसून नवऱ्याच्या नावाने बोटं मोडायची आहेत.

दुकानाच्या बरोबर वर व्लास्ता राहते. तिच्या झोपायच्या खोलीची खिडकी माझ्या शटरच्या अगदी डोक्यावर. ते शटर माझ्या सासऱ्यांच्या काळातलं. वर करताना असं काही कडाडतं की पलीकडच्या काठावरची कुत्री भुंकायला लागतात. व्लास्ता त्यावरून कधी एका शब्दाने बोलली नाही. फेर्दो, तिचा नवरा, मात्र रोज सकाळी खिडकीतून डोकं बाहेर काढायचा आणि ओरडायचा, "जासेंका, पूल पडला का गं?"

फेर्दो नगरपालिकेत होता. बाकांना रंग देणं, रस्त्यावरचे दिवे बघणं, पानगळ सुरू झाली की पानं गोळा करणं, असली कामं. लहानपणी आलुबुखाराच्या झाडावरून पडला, तेव्हापासून एक पाय आखूड. पण लंगडा म्हणावं असं त्याच्या चालण्यात काही नव्हतं. एका पावलाला तो खाली जायचा, दुसऱ्याला वर यायचा, आणि वर येताना टोपीला हात लावायचा. रस्ता आपल्याला रामराम करतोय आणि आपण तो परत करतोय, अशा थाटात. व्लास्ता तेव्हा शर्टांच्या कारखान्यात काजं शिवायला होती. ती फाटकातून बाहेर पडायची तेव्हा समोर हा दिव्याचा खांब रंगवत उभा असायचा. पूर्ण वसंतभर तोच एक खांब.

"रंगाने खांब जाड झाला होता," व्लास्ता सांगते. "शेवटी मीच म्हटलं, अहो, आता पुढचा खांब घ्या. तर म्हणतो कसा, पुढच्या खांबापर्यंत सोबत येता का?"

तेव्हापासून दोघं रोज संध्याकाळी फिरायला जायची. तिच्या उजव्या हातात पावाची पिशवी, डावा हात त्याच्या ताब्यात. इतकी वर्षं गावाने ते बघितलं, आणि रोज बघितलेल्या गोष्टीचं होतं तेच झालं. कुणी नीट बघितलंच नाही.

आता चित्रांच्या आठवड्याबद्दल सांगते. जूनमध्ये आमच्याकडे ॲनिमेशनच्या सिनेमांचा महोत्सव भरतो. त्याचं छापील नाव लांबलचक आहे आणि तीन भाषांत लिहिलेलं असतं, पण पत्रिका बेकरीच्या काचेवर लागली की गाव एवढंच म्हणतं, "आला चित्रांचा आठवडा." मंगळवारी अग्निशमन दलाचा बँड स्टेशनापासून पाहुण्यांना वाजतगाजत आणतो. मग सांस्कृतिक भवनात सकाळ-संध्याकाळ स्पर्धेचे सिनेमे, शाळेतल्या पोरांचे परीक्षक वेगळे आणि मोठ्यांचे वेगळे, आणि पोरांचा निकाल नेहमी जास्त बरोबर. गुरुवारी नदीकाठच्या कुरणात बँडवालेच वर्दी काढून मोठ्या कढईत घेवडा शिजवतात आणि जगातले झाडून सगळे चित्रकार गवतात मांडी घालून तो ओरपतात. शनिवारी बक्षिसं, आणि अंधार पडला की नदीकाठी पडदा बांधून उघड्यावर सिनेमा. त्यासाठी रस्त्यावरचे दिवे घालवावे लागतात. ते काम फेर्दोचं. तो एका टोकापासून निघायचा आणि एकेक खांबापाशी थांबत एकेक दिवा घालवत जायचा. बायका किंचाळायच्या, कुणाचा तरी पाय कुणाच्या पायावर पडायचा. फेर्दो शांतपणे म्हणायचा, "अंधार नको असेल तर घरी जाऊन टीव्ही बघा."

पण गाव खरी वाट बघतं ती शुक्रवारची. चालीच्या शुक्रवारची.

हे पाहुणे माणसं चालवून पोट भरतात. कागदावर एखादं पात्र चाललं, म्हणजे खरोखर त्याच्या वजनानिशी चाललं, की बाकी सगळं जमतं, असं ते म्हणतात. हॉटेल आमच्याकडे नाहीच, त्यामुळे ते उतरतात आमच्या घरांत. मंगळवारी आले की खिडक्यांत बसतात आणि आमच्याकडे टक लावून बघत राहतात. आणि शुक्रवारी ऊन उतरलं की नदीकाठच्या रस्त्यावर, कॅफेवाल्यांनी दोन्हीकडे खुर्च्या मांडलेल्या असतात त्यांच्या मधून, एकेक पाहुणा गावातल्या कुणाची तरी चाल चालून दाखवतो. आम्ही ओळखायचं. ज्याची चाल निघाली त्याने उठायचं, पाहुण्याचा हात धरायचा, त्याच्याबरोबर रस्त्याच्या टोकापर्यंत चालत जायचं आणि तिथे त्याला स्वतःच्या घरची राकिया, म्हणजे फळांची दारू, पाजायची. फोन, कॅमेरा काही बाहेर काढायचं नाही, हा पहिल्यापासूनचा दंडक. कॅमेरा दिसला की पाय खोटं बोलायला लागतात, असं महोत्सव सुरू करणारा म्हातारा म्हणायचा.

माझी चाल दरवर्षी निघते. बदक. कधी पोर्तुगालचं बदक, कधी पोलंडचं बदक. पहिल्या वर्षी मी घरी जाऊन रडले होते. आता राकियाची बाटली आधीच टोकाच्या बाकाखाली ठेवून येते.

फेर्दोची चाल तर कुणी ना कुणी काढायचंच. तिसऱ्या पावलाला सगळं गाव ओरडायचं, "फेर्दो!" मग तो उठायचा, पाहुण्याला नखशिखांत न्याहाळायचा आणि म्हणायचा, "सगळं बरोबर आहे, बाबा. पण टोपीला हात लावायला विसरलास. लोक मला उद्धट म्हणतील."

गेल्याच्या गेल्या वर्षी, जानेवारीत, फेर्दो गेला. सकाळी बाकांवरचं बर्फ झाडून घरी आला, चहा मागितला आणि व्लास्ता चहा घेऊन येईपर्यंत खुर्चीतच संपला होता.

त्या वर्षी शुक्रवारी त्याची चाल कुणी काढली नाही, गेल्या वर्षीही नाही. गेलेल्यांची चाल चालायची नाही, हा आमचा दुसरा दंडक. पूर्वी एकदा कुणा अजाण पाहुण्याने नुकत्याच वारलेल्या बेकरीवाल्याची चाल काढली. बिचाऱ्याला तो वारलाय हेच माहीत नव्हतं. बेकरीवाल्याची बायको खुर्चीवरून खाली कोसळली. तेव्हापासून पाहुण्यांना स्टेशनवरच सांगतात, जिवंत माणसंच घ्या. चांगला नियम आहे. मी स्वतः त्याच्या बाजूने हात वर केला होता.

यंदा मे महिन्यात व्लास्ता केस कापायला खाली आली. मी तिच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि नेहमीसारखी बडबड सुरू केली, तर ती आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "जासेंका, तो येतो गं, पण उठत नाही."

"कोण?"

"फेर्दो. स्वप्नात. येतो, बसतो. कधी स्वयंपाकघरात, कधी बाकावर. टोपी मांडीवर. मी म्हणते, ऊठ ना, चल, फिरून येऊ. तो हसतो आणि बसून राहतो. फोटोत बसतात तसा."

"स्वप्नच ते," मी म्हटलं.

"नाही गं. मला आता आठवतच नाही तो कसा चालायचा. डोळे मिटून बघते, तर टोपी दिसते, मिशा दिसतात, पाय दिसत नाहीत. घरात एवढे फोटो आहेत, सगळ्यांत उभा नाहीतर बसलेला. नातीच्या बारशाचा व्हिडिओ आहे, त्यातही केक खात बसलाय मेला. मला आठवत नाही म्हणून तो उठत नाही, जासेंका. माझ्याजवळ त्याच्यासाठी चालच नाहीये."

माझी कात्री थांबली. व्लास्ता रडणाऱ्यातली नाही; अंत्यविधीला सुद्धा बँडवाल्यांना जेवायला वाढत होती. आता ती कापडावर पडलेले पांढरे केस एकेक करून झाडत होती. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं तिच्याच जिन्याखाली दुकान चालवून मी तिच्यासाठी काय करू शकत होते, तर केस कापू शकत होते.

महोत्सवाचं सगळं बघते तिहाना. सांस्कृतिक भवनात तिची खोली आहे. पोरगी हुशार, पण जूनमध्ये तिला जेवायला फुरसत नसते. व्लास्ता तिच्याकडे गेली. मीही गेले, नाक खुपसायची सवय आहे म्हणून.

"तिहाना, यंदा कुणाला तरी फेर्दो चालायला सांग."

तिहानाने हातातलं सगळं खाली ठेवलं. "व्लास्तामावशी, मला समजतंय. पण तुमच्यासाठी केलं की उद्या सगळ्या विधवा माझ्या दारात उभ्या राहतील. आणि कुणाला नको असेल तर? बेकरीवाल्या काकू अजून शुक्रवारी घराबाहेर पडत नाहीत."

"मला हवंय ना पण."

"आणि चालणार कोण, मावशी? यंदाचे बहुतेक पाहुणे पहिल्यांदाच येताहेत. त्यांनी फेर्दोकाकांना बघितलंय कुठे?"

"आम्ही शिकवू," मी मध्ये तोंड घातलं. "सगळ्या गावाला पाठ आहे त्याची चाल."

तर म्हणे पाठ आहे! दुसऱ्याच दिवशी दुकानात हाच विषय निघाला. औषधवाल्याची बायको म्हणाली, उजवा पाय आखूड होता. मी म्हटलं, वेडी आहेस का, डावा. मी रोज जिन्यावर ऐकायचे. बँडमास्तर दाढी करायला आला होता, तो म्हणाला डावाच, त्याच्याबरोबर शाळेत होतो मी. मग पोस्टातली बाई म्हणाली, एक पाय आखूड नव्हताच, तो फक्त ढोलाच्या तालावर चालायचा. आम्ही एकेकजण दुकानभर चालून दाखवायला लागलो. मी चालले तर सगळे म्हणाले, हे बदक झालं. हसून हसून पुरेवाट झाली, आणि मग दाराकडे लक्ष गेलं. दारात व्लास्ता उभी होती. तिने आम्हा सगळ्यांना फेर्दो होताना बघितलं होतं आणि त्यातला एकही फेर्दो नव्हता.

"असू दे गं," ती म्हणाली. "तुम्हीही विसरलात, म्हणजे माझ्या एकटीचं डोकं बिघडलेलं नाही." आणि जिना चढून वर गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मंगळवारी बँड वाजला. व्लास्ताच्या वरच्या खोलीत उतरला एस्टोनियाहून पहिल्यांदाच आलेला उर्मास, डोंगराएवढा माणूस, पन्नाशीचा, बोलणं जवळजवळ नाहीच. आमच्या भाषेतले मोजके शब्द त्याला येत होते आणि तेही तो जपून वापरायचा. सकाळी चेरी भरलेली, श्त्रुदला नावाची पेस्ट्री खायचा, कॉफीचा कप घ्यायचा आणि खिडकीत जाऊन बसायचा.

"यंदा देवाने मला पाहुणा नाही, कपाट पाठवलंय," व्लास्ता म्हणाली. "पण गोड कपाट आहे. ताटली धुऊन ठेवतं."

तो आठवडा आठवला की मला सगळं थोडं पाण्याखालून दिसतं. लिपाला बहर आला होता. त्या वासाने दुपारी डोळे आपोआप मिटतात. भवनातल्या थंडगार अंधारात एकामागून एक लहान लहान सिनेमे. एका सिनेमात एक घर कंटाळून उठतं आणि आपली धुराडी डोक्यावर सावरत समुद्र बघायला जातं. एकात एक म्हातारी नदी विणत बसलेली असते आणि सुई सुटते तिथे मासे गळून पडतात. एकात नुसत्या रेषा, आणि तरी कसं कोण जाणे, बघताना आपलंच बालपण आठवतं. बाहेर यावं तर रस्त्यावरची माणसंसुद्धा कुणीतरी नुकतीच काढल्यासारखी वाटतात, रंग ओला असावा तशी.

व्लास्ता माझ्या शेजारी बसायची आणि पहिल्या दहा मिनिटांत पेंगायची. दरवर्षीचंच ते. आधी फेर्दोच्या खांद्यावर डोकं टाकायची, आता माझ्या. बुधवारी अशीच झोपली आणि दचकून जागी झाली.

"तो तिथे बसला होता," ती पडद्याकडे बोट दाखवून कुजबुजली. "त्या घराच्या पायरीवर. घर चालायला लागलं तरी हा बसूनच. घर त्याला घेऊन गेलं, जासेंका."

मागून कुणीतरी "शूः" केलं. मी मागे वळून असं बघितलं की ते "शूः" परत आत गेलं.

गुरुवारी घेवडा झाला. व्लास्ता आली, वाडगं धरून बसली, कुणाशी फार बोलली नाही. शुक्रवारी सकाळी म्हणाली, "मी संध्याकाळी येत नाही."

"का?"

"सगळे चालतील. तोच तेवढा नाही. मला नाही बघवणार."

मी हात धरून आणलं तिला. ओढूनच आणलं म्हणा ना. एकटी वर बसली असती तर खुर्चीतल्या फेर्दोकडे बघत बसली असती, आणि मला ते सहन होईना. बेकरीवाल्याच्या बायकोसारखं हिनेही शुक्रवारी दार लावून घेतलं तर मग संपलंच.

ऊन झाडांच्या बुंध्यांवर उतरलं होतं. खुर्च्या गच्च भरल्या होत्या, बँडमास्तर ढोल मांडीत घेऊन बसला होता. पहिल्यांदा एका पोर्तुगीज बाईने बदक काढलं. "जासेंका!" गाव ओरडलं. मी उठले, तिचा हात धरला, टोकाला गेले, राकिया पाजली आणि तिच्या कानात म्हटलं, "बाई, माझी कंबर एवढी नाही." मग पाद्री झाले, फोन कानाला लावून अर्धं पाऊल पुढे, अर्धं मागे. मग औषधवाला, कुणी उधारीवर मागेल या भीतीने भिंतीच्या कडेकडेने जाणारा. हसता हसता लोकांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. व्लास्ताही हसली, थोडंसं.

मग उर्मास आला.

तो डोंगर पुढे आला, उभा राहिला आणि लहान झाला. कसा ते मला सांगता येणार नाही. खांदे आत घेतले, मान किंचित पुढे, आणि निघाला. छोटी, भरभर पावलं. उजव्या हातात पिशवी नव्हती, पण पिशवीचं वजन होतं. दुसऱ्याच पावलाला मी ओळखलं. माझ्या आजूबाजूला सगळ्यांनी ओळखलं. औषधवाल्याच्या बायकोने तोंड उघडलंसुद्धा. पण नाव काही बाहेर पडलं नाही.

कारण त्याचं डावं कोपर. ते अंगापासून जरा दूर, वाकवून धरलेलं, कपाच्या कानासारखं. एक पाऊल, आणि ते कोपर खाली दबायचं, कुणीतरी त्यावर भार टाकावा तसं. पुढच्या पावलाला हलकं होऊन वर यायचं. दब, वर. दब, वर. आणि वर आलं की मान जराशी डावीकडे वळायची, तिथे कुणी टोपीला हात लावतंय ते बघायला, आणि परत समोर. तो रस्त्याच्या मधोमध चालत नव्हता. डावीकडे एका माणसाची जागा सोडून चालत होता. घाटाकडे जाणारी वाट जिथे रस्ता कापते तिथे एक पायरी आहे. तिथे तो आला, थांबला. स्वतः उतरला नाही. कोपर घट्ट केलं, वाट बघितली. शेजारचं उतरलं. मग हा उतरला.

नदीचं पाणी ऐकू येत होतं. आम्ही उर्मासकडे बघतच नव्हतो, त्याच्या डावीकडच्या रिकाम्या जागेकडे बघत होतो, आणि ती खाली जात होती, वर येत होती, खाली जात होती, वर येत होती.

"फेर्दो," बँडमास्तर म्हणाला. हळूच, स्वतःशीच.

माझ्या दंडात नखं रुतली. व्लास्ताची. "उजवा," ती म्हणाली. "माझ्या बाजूचा. उजवा पाय होता, जासेंका! माझ्या कोपरावर यायचा त्याचा भार."

मग तिहाना उठली. आपलाच नियम मोडलाय की नाही हे तिला कळत नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण नियम मोडला नव्हताच. उर्मासने जिवंत बाईचीच चाल काढली होती. तो स्वच्छ आवाजात म्हणाला, "व्लास्ता."

ज्याची चाल निघाली त्याने उठायचं असतं. व्लास्ता उठली. पायरीपाशी गेली. उर्मासचं कोपर अजून तसंच होतं, बाजूला, रिकाम्या जागेवर धरलेलं. हात धरायचा तर तिला त्या जागेतच उभं राहावं लागणार होतं. क्षणभर तिला कळेना. मग ती वळसा घालून त्याच्या डाव्या अंगाला गेली आणि आपला उजवा हात त्याच्या कोपरात घातला.

दोघं चालायला लागली. तो तिच्यासारखा चालत होता, आणि त्याच्या कोपराला जे हवं होतं ते ती देत गेली. उजवं पाऊल पडलं की खाली. डावं पडलं की वर. तिला कुणी शिकवलं नाही, तिने खाली पायांकडे बघितलंही नाही. पाच-सात पावलांनंतर तिचा मोकळा हात वर गेला आणि कपाळापाशी, जिथे टोपी नव्हती तिथे, लागून खाली आला.

तेव्हा मात्र सगळं गाव उभं राहिलं आणि एका सुरात ओरडलं, "फेर्दो!" बँडमास्तरने ढोल असा बडवला की कातडं फाटायचंच बाकी होतं. मी रडत होते आणि ओरडत होते. बेकरीच्या वरची खिडकी उघडली. बेकरीवाल्याची बायको हातात टॉवेल घेऊन उभी होती आणि बघत होती.

टोकाला मी माझ्याच बाटलीतली राकिया ओतली, कारण व्लास्ताने काही आणलंच नव्हतं. ती पेला हातात धरून उर्मासला विचारत होती, "तुला कुणी सांगितलं रे? माझ्या नवऱ्याबद्दल?"

"नवरा?" उर्मास म्हणाला. त्याने आमच्या भाषेतले शब्द गोळा केले. "मी खिडकीतून बाई बघितली. बाई एकटी. पण एकटीचं चालून बघितलं तर पडत होतो. तिकडे कुणीतरी लागतंच." आणि मग, पेला तोंडाला लावायच्या आधी, त्याने विचारलं, "तिकडे कोण असतं?"

व्लास्ताने पेला खाली ठेवला. तिने त्या डोंगराला मिठी मारली. तिचे हात त्याच्या पाठीमागे पोचेनात.

शनिवारी सकाळी मी नेहमीच्या वेळी दुकान उघडलं. शटर वर केलं, कुत्री भुंकली. आणि वरची खिडकी धाडकन उघडली. केस मोकळे, अंगात गाऊन, व्लास्ता कमरेपर्यंत बाहेर वाकून ओरडली, "जासेंका! पूल पडला का गं?"

माझ्या हातातलं कुलूपच खाली पडलं. ती तशीच गाऊनवर खाली आली आणि आरशासमोरच्या खुर्चीत धपकन बसली. इतकी चिडलेली मी तिला कधी बघितली नव्हती. आणि गाल तर चेरीसारखे लाल.

"उठला होता तो," ती म्हणाली. "टोपी घातली आणि उठला. दिवे घालवायला निघाला, नदीकाठी. एकेक खांबापाशी थांबत पुढे चालला होता. मागून मला दिसत होता, खाली, वर, खाली, वर. मी हाक मारली, तर मागे बघेना. म्हटलं, झालं, आता हा जाणार. आणि मग पायरी आली. तिथे थांबला. कोपर बाहेर काढलं. माझ्यासाठी थांबला गं तो! इतकी वर्षं मला वाटायचं, मीच त्याच्यासाठी थांबते."

"मग?"

"मग काय? मी हात पुढे केला, अगदी लागणार होता त्याच्या हाताला, आणि तुझं शटर!"

आता मी ते शटर दोन्ही हातांनी धरून, इंच इंच करत वर सरकवते. पहिलं गिऱ्हाईक बाहेर खोळंबतं, घड्याळ बघतं, कुरकुरतं. मी तोंडावर बोट ठेवून त्याला गप्प करते. वर दोघं फिरायला गेलेली असतात.